वहिनींच्या कोशातली एकतीस चित्रं

वहिनींना इंग्रजी अक्षरं उलटी वाचता यायची, सुलटी नाही. पुस्तकांच्या पाठीवर सोनेरी नावं उठवायला पितळेची अक्षरं लागतात आणि ती आरशात बघितल्यासारखी उलटी कोरलेली असतात. नवरा गेल्यावर बाइंडिंगचं दुकान त्यांच्या गळ्यात पडलं, तेव्हा त्या हे सगळं शिकल्या. नाव बिनचूक उठवायच्या, पण पुस्तक कशाबद्दल आहे ते विचारलं तर हसून म्हणायच्या, "मला पाठ कळते, पोट नाही."

शेजारचं दुकान त्यांच्या धाकट्या दिराचं. तो फोटोंच्या, चित्रांच्या चौकटी करायचा. सगळा भाग त्याला फ्रेमवाला म्हणायचा, वहिनी तेवढ्या भाऊजी म्हणायच्या. दोन दुकानांमध्ये एकच पातळ भिंत होती. वहिनींकडून खळीचा आंबूस वास इकडे यायचा, फ्रेमवाल्याकडून करवतीचा आवाज तिकडे जायचा. सकाळचा चहा वहिनींच्या दुकानात आणि दुपारचा फ्रेमवाल्याच्या, हा नेम दादा, म्हणजे वहिनींचा नवरा, होता तेव्हापासूनचा. दादा गेल्यावरही तो मोडला नाही.

वहिनी एक्कावन्न वर्षांच्या असताना शहरातला जुना इंजिनियरांचा क्लब बंद पडला. इमारत पाडायची म्हणून आतलं सगळं सामान रस्त्यावर काढलं होतं. पुस्तकांचा ढीग एका कोपऱ्यात पावसापाण्यात पडलेला. वहिनी गेल्या होत्या जुन्या पुस्तकांचे जाड पुठ्ठे आणि कातडं मिळतंय का ते बघायला. परत आल्या त्या दोन अवजड खंड छातीशी धरून.

"भाऊजी, हे बघा तरी!" त्यांनी ते टेबलावर ठेवले. "अडीचशे वर्षांपूर्वीचे आहेत. शिवण बघा. पाच दोऱ्यांवर शिवलंय आणि एक टाका ढिला नाही. याचा पुठ्ठा काढला तर मला पाप लागेल."

फ्रेमवाला हातातली काच ठेवून आला, बघितलं आणि त्याच्या तोंडचं पाणी पळालं.

ते खंड त्यानं पूर्वी बघितले होते. नुसते बघितले नव्हते. चोवीस वर्षांचा असताना, दुकान टाकून जेमतेम चार महिने झालेले असताना, क्लबच्या वाचनालयातला एक कारकून पिशवीतून दुसरा खंड घेऊन आला होता. "आतली फक्त चित्रं काढ, छान चौकटी कर, विकून निम्मे पैसे तुझे निम्मे माझे," म्हणाला. तांब्याच्या पत्र्यावर कोरून छापलेली एकतीस चित्रं होती. पंप, चाकं, दुर्बिणी, मधमाशीचं पोट, रेशमाचा माग. फ्रेमवाल्यानं धारदार पात्यानं ती एकेक करून कापली होती आणि चौकटी करून आपल्याच दुकानातून विकली होती. कापलेलं पुस्तक कारकुनानं परत कपाटात नेऊन ठेवलं. पुढची बावीस वर्षं त्या क्लबातल्या एकाही इंजिनियरानं ते उघडलं नाही. दादाला यातलं काही कळलं असतं तर त्यानं धाकट्या भावाला दाबाच्या यंत्रात घातलं असतं.

वहिनींनी दुसरा खंड शेवटून उघडला. तिथे बोटभर रुंदीच्या कडा होत्या, एकाखाली एक, शिवणीत अडकलेल्या.

"कुणीतरी पानं कापलीत," वहिनी म्हणाल्या. कडांवरून त्यांनी अंगठा फिरवला. "एकतीस. मेल्याचा हात मात्र चांगला होता. कुठं चिरफाड नाही."

फ्रेमवाल्यानं काच उचलली आणि आपल्या दुकानात गेला.

एवढ्या जुन्या पुस्तकाचं वहिनी काय करणार, असं त्याला वाटलं होतं. चार दिवस कौतुक करतील, मग फडताळात टाकतील. पण वहिनींनी दोन्ही खंड वाळवले, प्रत्येक पान मऊ कुंच्यानं झटकलं, आणि ते करता करता त्यांच्या मनानं घेतलं की हे वाचायचं. पोटही कळायला हवं.

त्यांची मुलगी दवाखान्यात परिचारिका होती. कामाची पाळी संपवून दमून घरी यायची, तर आई पुस्तक उघडून बसलेली.

"अगं, हा डोळ्यांवरचा लेख आहे ना?" एकदा वहिनींनी विचारलं. "मग यात सारखी मारामारी कशाला चाललीय? दर दोन ओळींनी 'फाइट'."

मुलीनं वाकून बघितलं आणि पोट धरून हसत सुटली. "आई, ती फाइट नाही, साइट आहे. दृष्टी! त्या काळी एस असा लांबडा छापायचे, एफसारखा दिसणारा. नीट बघ, मधली दांडी एकाच बाजूला आहे."

त्या दिवसापासून वहिनींना किल्ली सापडली. शब्दकोश शेजारी ठेवून त्या रोज एक पान वाचायच्या. पुस्तक होतं विज्ञानाचा कोश. तेव्हा माणसाला जगाबद्दल जे जे माहीत होतं ते अक्षरांच्या क्रमानं मांडलेलं. आय आणि जे या दोन अक्षरांना मिळून एकच घर होतं. पानाच्या तळाशी पुढच्या पानाचा पहिला शब्द छापलेला असायचा, बांधणाऱ्यानं पानं उलटसुलट लावू नयेत म्हणून. ते बघून वहिनी म्हणाल्या, "बघा, अडीचशे वर्षांपूर्वी कुणीतरी माझी काळजी केलीय."

सकाळच्या चहाला आता वेगळ्याच गप्पा सुरू झाल्या. "भाऊजी, या माणसांना वाटायचं की उष्णता हा एक पातळ पदार्थ आहे, एका वस्तूतून दुसरीत वाहत जातो."

"म्हणजे चूकच की सगळं," फ्रेमवाला म्हणाला. "चुकीचं वाचून काय करायचं?"

"पण कशावरून तसं वाटलं ते सगळं लिहिलंय. कुठला प्रयोग केला, काय दिसलं. आणि जिथं कळलं नाही तिथं चक्क लिहिलंय, 'हे आम्हाला कळलेलं नाही.' असं छापून सांगणारा माणूस तुम्ही बघितलाय का कधी?"

फ्रेमवाल्यानं बघितला नव्हता. तो स्वतःच बावीस वर्षं एक गोष्ट गिळून बसला होता.

मग वहिनींना नादच लागला. शाळा-कॉलेजांच्या जुन्या संग्रहातून, रद्दीच्या गोदामांतून, मेलेल्या डॉक्टरांच्या माळ्यांवरून त्या असले जुने इंग्रजी विज्ञानकोश शोधून आणू लागल्या. कुणाच्या वाचनालयाची फाटकी पुस्तकं बांधून द्यायच्या आणि बदल्यात कुणाला नको असलेला एखादा खंड मागून घ्यायच्या. मोठमोठे संग्राहक सोनेरी कडा आणि झुळझुळीत कातडं बघतात. वहिनी आधी शिवण बघायच्या, मग फर्मे, म्हणजे एकत्र शिवलेल्या पानांचे जुडगे, मोजायच्या, मग पान उजेडासमोर धरून कागदातली पाणखूण बघायच्या. एकदा एका जाणत्या दलालानं पूर्ण म्हणून दाखवलेल्या खंडात आठ पानं दुसऱ्या प्रतीतली घुसडलेली आहेत, हे त्यांनी दोन मिनिटांत सांगितलं. कसं ओळखलं, म्हणून त्यानं विचारलं. "दोरा वेगळा आहे," वहिनी म्हणाल्या. तो दलाल पुढं प्रत्येक पुस्तक आधी त्यांना दाखवून मगच विकायला लागला.

पण जीव होता तो त्या पहिल्या दोन खंडांवरच. दुसऱ्या खंडात मजकुराच्या शेवटच्या पानावर एक बारीक भोक होतं, आणि मागच्या पुठ्ठ्यावर बरोबर त्याच जागी दुसरं. कधीकाळी एक किडा मागून शिरून सरळ आरपार गेला होता. वहिनींनी तेवढ्यावरून ताडलं की मधल्या एकतीस चित्रांवरही ते भोक असणारच. ही चित्रं जगात कुठंही असोत, अंगावर खूण घेऊन आहेत.

दोन वर्षांनी त्यांची दाढ दुखायला लागली. दातांच्या डॉक्टरांकडे बाहेरच्या बाकावर बसल्या असताना समोरच्या भिंतीवर हवा उपसायच्या पंपाचं जुनं चित्र होतं. पंपाच्या चाकाशेजारी काळा ठिपका. वहिनी उठल्या, काचेला नाक लावलं. ठिपका नव्हता, भोक होतं. आत बोलावणं आलं तरी त्या हलेनात. दाढ काढून झाल्यावर, गालात कापसाचा बोळा असतानाच त्यांनी डॉक्टरांना खुणांनी विचारलं की हे चित्र साफ करायला घरी नेऊ का. पेशंटच्या त्या अवतारापुढं डॉक्टर नाही म्हणू शकले नाहीत.

चौकट घेऊन त्या थेट फ्रेमवाल्याच्या दुकानात आल्या. त्याच्या टेबलावर ती पालथी ठेवली. मागच्या तावावर पिवळी पडलेली चिठ्ठी होती. दुकानाचं नाव, आणि त्याखाली त्याच्याच तरुणपणीच्या अक्षरात आकडा, सात.

फ्रेमवाल्यानं चिठ्ठी वाचली. सांगण्यासारखं खूप काही सुचत होतं. कुणीतरी सुटं चित्र आणून दिलं, मला काय माहीत, इतकी वर्षं झाली. त्यानं चौकट सुलटी केली.

"मीच कापली, वहिनी," तो म्हणाला. "सगळी. चोवीस वर्षांचा होतो. अक्कल नव्हती असं म्हणणार नाही. होती."

वहिनींनी कापूस तोंडातून काढला. ओरडतील असं त्याला वाटलं, निदान रडतील. त्या म्हणाल्या, "त्यांना माहीत होतं?"

"दादाला? नाही."

"बरं झालं," वहिनी म्हणाल्या आणि आपल्या दुकानात निघून गेल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी चहाची हाक आली नाही. त्याच्या पुढच्या दिवशीही नाही. आठवड्यानं त्या दारात उभ्या राहिल्या, हातात वही. "फ्रेमवाले," त्या म्हणाल्या, भाऊजी नाही. "बसा आणि आठवा. एकतीस चित्रं कुठंकुठं गेली?"

"वहिनी, बावीस-चोवीस वर्षं झाली..."

"आकडे तुम्हीच घातलेत. एकपासून सुरू करा."

त्यानं सुरुवात केली. काही आठवली, काही नाही. जुन्या पावत्यांचे गठ्ठे माळ्यावरून काढले, गिऱ्हाइकांची नावं चाळली, मेलेल्यांच्या मुलांकडे गेला, मुलांनी घरं विकली असतील तर विकत घेणाऱ्यांकडे गेला. दर रविवारी सकाळी दोघं निघायची. वहिनींच्या पिशवीत भिंग, मऊ कुंचा आणि पातळ कागदावर आखून घेतलेली किड्याच्या भोकाची जागा. फ्रेमवाल्याच्या पिशवीत पक्कड, खिळे, नवी काच.

वहिनींचा सौदा साधा होता. चित्राची हुबेहूब नक्कल त्या छापखान्यातून जाड कागदावर काढून आणायच्या. नक्कल त्याच चौकटीत बसवून द्यायची, नवी काच फुकट, आणि मूळ चित्र पुस्तकात परत. बहुतेकांना भिंत भरलेली असण्याशी मतलब होता. दातांचे डॉक्टर तर म्हणाले, "नव्यात पंप जास्त स्पष्ट दिसतोय."

सगळे काही असे सरळ नव्हते. एका वकिलानं दारातूनच हाकललं. वहिनी पुढच्या रविवारी पुन्हा गेल्या. त्यानं पुन्हा हाकललं. तिसऱ्या वेळी फ्रेमवाला कानकोंडा होऊन म्हणाला, "राहू द्या वहिनी, एक गेलं तर गेलं. किती अपमान करून घ्यायचा?"

"अपमान कसला? ते चित्र त्यांच्या ताब्यात आहे, मला हवंय. त्यांनी नाही म्हणायचं आणि मी विचारायचं, एवढंच तर आहे." पाचव्या वेळी वकिलानं चहा पाजला. सहाव्या वेळी चित्र दिलं. वर स्वतःच्या आजोबांची तीन फाटकी पुस्तकं बांधायला दिली.

एकोणीस नंबरचं चित्र मात्र एका शिवणकाम करणाऱ्या बाईंकडे निघालं. लहानसं दुकान, दोन मशीनं, आणि मशीनच्या बरोबर वर रेशमाच्या मागाचं चित्र. बाईंनी सगळं नीट ऐकून घेतलं.

"तुमचं आहे हे पटलं मला," त्या म्हणाल्या. "पण सव्वीस वर्षं मी मान वर केली की हेच दिसतं. त्यातला कुठला धागा कुठून जातो ते मला पाठ आहे. नक्कल लावलीत तर मला कळेल."

फ्रेमवाल्याला वाटलं, आता वहिनी रविवारमागून रविवार इथं खेपा घालणार. पण त्या उठून मशीनजवळ गेल्या आणि म्हणाल्या, "मग दाखवा मला. कुठला धागा कुठून जातो?" अर्धा तास दोघी चित्राखाली मान वर करून उभ्या होत्या. निघताना वहिनींनी चित्र मागितलंच नाही.

रस्त्यात फ्रेमवाला म्हणाला, "एवढा सोन्यासारखा नमुना सोडून आलात?"

"तिनं वाचलंय ते," वहिनी म्हणाल्या. "आणि भाऊजी, जरा हळू चाला, माझे गुडघे दुखतायत."

तो जागच्या जागी थांबला. दोन वर्षांनी त्या भाऊजी म्हणाल्या होत्या. त्यांच्या ते लक्षात आलं की नाही कुणास ठाऊक. त्या आपल्या पुढं निघून गेल्या.

चार वर्षं हे चाललं. सव्वीस चित्रं परत आली. तीन मालकांकडे राहिली, कारण त्यांना ती मनापासून हवी होती. दोन गेली ती गेली. एक ओलीनं कुजलं, एक परदेशात गेलेल्या कुटुंबाबरोबर हरवलं. वहिनींनी पुस्तक उसवलं. मूळच्या पाच दोऱ्यांवर, मूळच्याच भोकांतून पुन्हा शिवलं. प्रत्येक चित्र जुन्या कडेला इतक्या नाजूक कागदानं जोडलं की बोटाला सांधा लागत नव्हता. सगळी जागेवर बसल्यावर त्यांनी पुठ्ठ्याच्या भोकातून एक केस घातला. तो चित्रांतून सरसर पुढं सरकला आणि मजकुराच्या शेवटच्या पानातून वर आला. ते बघताना फ्रेमवाल्याला डोळे पुसावे लागले, आणि वहिनींनी मुद्दाम दुसरीकडे बघितलं.

जी पाच चित्रं नव्हती त्यांच्या रिकाम्या कडांना वहिनींनी मग कोरी पानं जोडली आणि सुवाच्य अक्षरात लिहिलं. एकोणीसच्या जागी दुकानाचा पत्ता आणि खाली, "चित्र तिथं आहे. जाऊन बघावं. बाई समजावून सांगतात." कुजलेल्याच्या जागी, "हे ओलीनं गेलं." हरवलेल्याच्या जागी, "हे कुठं आहे ते आम्हाला कळलेलं नाही."

विद्यापीठातल्या एक प्राध्यापिका जुन्या विज्ञानग्रंथांचा अभ्यास करायच्या. त्यांनी वहिनींबद्दल त्या दलालाकडून ऐकलं आणि बघायला आल्या. दोन तास पानं उलटत बसल्या. मग म्हणाल्या, "ही पाच चित्रं माझ्या ओळखीच्या एका तुटक्या प्रतीत आहेत. मी मिळवून देते. तुमची प्रत पूर्ण होईल."

"नको," वहिनी म्हणाल्या. "त्यांना किड्याचं भोक नसेल."

"पण मग प्रत अपुरी राहील."

"राहू दे की. ही प्रत जशी जगली तशी दिसायला हवी. मी उगाच दुसऱ्याचे अवयव कशाला लावू?"

प्राध्यापिकांनी ते वाक्य आपल्या वहीत टिपून घेतलं. पुढं त्यांनी याच प्रतीवर लेख लिहिला आणि त्यात वहिनींना 'ग्रंथतज्ज्ञ' म्हटलं. वहिनींनी तो शब्द मुलीकडून दोनदा वाचून घेतला आणि म्हणाल्या, "बाइंडर लिहिलं असतं तर चाललं असतं."

पुस्तकाच्या अगदी शेवटी त्यांनी एक पान जादा लावलं होतं, या प्रतीची हकिकत लिहायला. कोण छापून विकत होतं, क्लबात कधी आलं, रस्त्यावर कधी पडलं. एका ओळीपाशी त्या थांबल्या आणि फ्रेमवाल्याला हाक मारली. "इथं काय लिहू?"

"खरं ते लिहा," तो म्हणाला. "नाव माझंच घाला."

"तुम्हीच लिहा मग. अक्षर तुमचं चांगलं आहे."

त्यानं लिहिलं, चित्रं कुणी कापली, कोणत्या साली. खाली स्वतःचं नाव. वहिनींनी ते वाचलं, पेन घेतलं आणि त्याखाली एक ओळ घातली, "आणि शोधून आणली तीही याच माणसानं." शाई वाळायच्या आत फ्रेमवाला दुकानात पळाला. करवत चालवल्याचा आवाज आला, पण लाकूड कापल्याचा नव्हता.

वहिनींनी आपला सगळा संग्रह, नऊ कोशांचे तेहतीस खंड, सार्वजनिक वाचनालयाला दिला. अट एकच, की हात धुऊन येणाऱ्या कुणालाही ते उघडता यायला हवेत. ग्रंथपाल कुरकुरला. काचेच्या कपाटात ठेवले तर सुरक्षित राहतील म्हणाला. "क्लबातही कपाटातच होते," वहिनी म्हणाल्या. ग्रंथपालानं कागदावर सही केली.

काही महिन्यांनी शिवणकामवाल्या बाई दुकानात आल्या, कमरेवर हात ठेवून. "अहो, तुम्ही त्या पुस्तकात काय लिहून ठेवलंय? काल एक मुलगी आली, परवा दोघं आले. एकोणीस नंबर दाखवा म्हणाले. मला आता रोज काच पुसावी लागते!" रागावून बोलत होत्या, पण साडी नवी होती आणि केसांना तेल लावून व्यवस्थित बसवलेलं होतं.

आता वहिनी चौऱ्याहत्तर वर्षांच्या आहेत. दोन्ही डोळ्यांची ऑपरेशनं झाली. मुलगी म्हणते, आता विश्रांती घे. मागच्याच आठवड्यात रद्दीच्या गोदामातून निरोप आला की वनस्पतींवरच्या एका जुन्या इंग्रजी कोशाचा पहिला खंड आलाय, ए ते के एवढाच, बाकीचे कुठं गेले पत्ता नाही. वहिनींनी भिंतीवर टकटक केलं.

"भाऊजी, उद्या रविवार आहे. येताय ना?"

भिंतीपलीकडून आवाज आला, "पिशवी भरतोय."